ठाण्यात बायबलची पुस्तकं किती?

बायबलमध्ये पुस्तकं किती, हा प्रश्न क्विझमधला वाटतो. उत्तर म्हणजे एक आकडा, तो पाठ करायचा आणि पुढं जायचं. पण हाच प्रश्न घेऊन ठाण्यात पायी एक फेरी मारा. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये, म्हणजे कॅथलिक परंपरेत, उत्तर आहे ७३. टेंभी नाक्याच्या बाजूला बेने इस्राएली समाजाचं, १८७९ साली बांधलेलं 'शाआर हाशामाईम' सिनेगॉग आहे. तिथं उत्तर २४, आणि त्यात येशूबद्दलचं अर्थातच काही नाही. सेंट जेम्स चर्च अँग्लिकन परंपरेत उभं राहिलं, १८२५ साली बिशप हेबर यांनी त्याचं अर्पण केलं. त्या परंपरेत उत्तर ६६. शिवाय एक पुरवणी: आणखी काही पुस्तकं आहेत, ती चांगलं वागणं शिकण्यासाठी जरूर वाचा, पण त्यांच्यावरून सिद्धान्त मांडू नका.

एका शहरात, चालत जाण्याच्या अंतरात, तीन उत्तरं. इतिहासात मागं गेलं तर ठाणे-कल्याणमध्येच चौथं उत्तरही सापडतं. त्यात नव्या करारातली पाच पुस्तकं नाहीत. त्याच्याकडे येतोच.

मी ख्रिस्ती नाही. डोंबिवलीत वारकरी घरात वाढलो, इंजिनिअरिंग केलं, आणि आता ठाण्यात कोड लिहितो. या प्रश्नानं मला धरून ठेवलं त्याचं एक कारण कामातलं आहे. आमच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक साधी फाइल असते. आपला प्रोग्राम बाहेरच्या कुणाकुणाचं ऐकेल, याची ती यादी. यादीत नाव असेल तर त्या कोडवर डोळे झाकून भरवसा. नसेल तर तो कोड कितीही उत्तम असो, आमच्यासाठी तो अस्तित्वातच नाही. पण ती यादी बरोबर आहे हे कोण सांगतं? यादी स्वतःबद्दल साक्ष देऊ शकत नाही. बायबलचंही तसंच आहे. त्यातल्या एकाही पुस्तकात 'बायबलमध्ये अमुक इतकी पुस्तकं आहेत' अशी अनुक्रमणिका नाही. अनुक्रमणिका नंतर माणसांनी केली. मग माणसांनी केलेल्या यादीतल्या पुस्तकांना माणसांच्या वरचा अधिकार कुठून येतो?

दुसरं कारण माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीचं. ती वसईची कॅथलिक, नवरा नगरकडचा प्रोटेस्टंट, दोन्ही घरं मराठीतच प्रार्थना करणारी. मागच्या वर्षी तिचे सासरे गेले. माहेरच्या रीतीप्रमाणे तिनं त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करा असं आपल्या शास्त्रात कुठंही नाही. ते देवाजवळ आहेत, तेवढं पुरे." ती म्हणाली, "आहे की, आई. दुसऱ्या मक्काबीत, बाराव्या अध्यायात." सासूबाईंनी आपलं पवित्र शास्त्र उघडलं. एस्तेरनंतर थेट ईयोब. मक्काबी नावाचं पुस्तकच त्यात नव्हतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, असं ती सांगत होती. दोघीही खरं बोलत होत्या. 'शास्त्रात आहे' हेही खरं आणि 'शास्त्रात नाही' हेही खरं. आणि मुद्दा काही परीक्षेतल्या मार्कांचा नव्हता. गेलेल्या माणसासाठी आता आपण काही करू शकतो की नाही, हा होता.

गुंडाळ्या आणि शिवण

'बायबल' हा शब्द मुळात अनेकवचनी आहे. ग्रीक 'बिब्लिया', म्हणजे पुस्तकं. येशूच्या काळात ही पुस्तकं वेगवेगळ्या गुंडाळ्यांवर लिहिलेली असत. गुंडाळ्या पेटीत पडून असतात तोवर आत काय नि बाहेर काय हा प्रश्न फारसा टोचत नाही. फोनमधल्या पीडीएफच्या फोल्डरसारखं आहे ते, एखादी जास्त असली तरी बिघडत नाही. पानं एकत्र शिवून ग्रंथ बांधायची पद्धत ख्रिस्ती लोकांनी फार लवकर उचलली. आणि एकदा शिवायचं ठरलं की पहिलं पान आणि शेवटचं पान ठरवावंच लागतं.

जुन्या कराराचा वाद इथंच सुरू होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यू लोकांनी आपली हिब्रू पुस्तकं ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंमध्ये त्यांच्याबरोबर आणखीही पुस्तकं वाचली जात: टोबीत, युदीथ, मक्काबी, बेन सिरा, शलमोनाच्या नावावरचा ज्ञानग्रंथ, बारूख. पहिल्या पिढ्यांचे बहुतेक ख्रिस्ती ग्रीकच वाचत. त्यांनी हाताशी होता तो सगळा संच घेतला. तिकडे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. मंदिर गेल्यावर ज्यू समाजाला जोडून ठेवणारं ग्रंथ हेच मुख्य साधन उरलं, आणि गुरुजनांनी हिब्रू पुस्तकांचीच यादी पक्की धरली. ती २४ पुस्तकांची. प्रोटेस्टंट जुन्या करारात ३९ पुस्तकं दिसतात ती हीच, फक्त मोजणी निराळी. शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग, एझ्रा आणि नहेम्या वेगळे, आणि बारा लहान संदेष्टे एकाऐवजी बारा.

मग नियम सोपा झाला का? हिब्रूत असेल ते आत, ग्रीकमध्ये असेल ते बाहेर? बेन सिराचं पुस्तक या नियमाला दाद देत नाही. ते यरुशलेममध्ये हिब्रूतच लिहिलं गेलं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. लेखकाच्या नातवानं इजिप्तमध्ये त्याचं ग्रीक भाषांतर केलं. पुढं हिब्रू प्रती नाहीशा झाल्या. १८९६ साली कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठारातून आलेलं एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेश्टर यांच्या हाती पडलं, आणि ते बेन सिराचं हिब्रू होतं. नंतर मृत समुद्राकाठी आणि मसादाच्या किल्ल्यातही तुकडे मिळाले. म्हणजे पुस्तक हिब्रू, जुनं, तालमूदमध्ये आदरानं उल्लेखलेलं, तरीही ज्यू यादीत नाही.

चौथ्या शतकाच्या शेवटी हा वाद दोन माणसांमध्ये अगदी स्पष्ट उभा राहिला. जेरोम बेथलेहेममध्ये बसून लॅटिन भाषांतर करत होता. त्याचं म्हणणं, मूळ हिब्रूत जे आहे तेच प्रमाण. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन म्हणत होता, चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या जे वाचलं जातं ते प्रमाण. एकाचा निकष उगम, दुसऱ्याचा निकष वापर. हिप्पो इथं ३९३ मध्ये आणि कार्थेजला ३९७ मध्ये भरलेल्या सभांनी ऑगस्टीनच्या बाजूची मोठी यादी मान्य केली. जेरोमची शंका मात्र पुसली गेली नाही. हजार-अकराशे वर्षं ती समासात जिवंत राहिली.

तिला पुन्हा मध्यभागी आणलं ते मार्टिन लूथरनं. १५१९ साली लाइपझिगच्या वादसभेत प्रतिपक्षी योहान एकनं शुद्धिस्थानाच्या समर्थनासाठी दुसऱ्या मक्काबीचा आधार दिला, आणि लूथरनं उत्तर दिलं की हे पुस्तक प्रमाणग्रंथांत मोडतच नाही. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं दोन करारांच्या मधे, वेगळ्या मथळ्याखाली छापली गेली. उत्तरादाखल कॅथलिक चर्चनं ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेत आपली यादी नावानिशी जाहीर केली. मेलेल्यांसाठी प्रार्थना सांगणारा मक्काबीचा तो बारावा अध्याय आणि त्या काळी पापमुक्तिपत्रांतून वाहणारा पैसा हे दोन्ही त्या वादात गुंतलेले होते. माझ्या मैत्रिणीच्या घरातली पुस्तकांमधली ती फट पाचशे वर्षं जुनी आहे.

कल्याणचा बिशप

आता कल्याण. सातवाहन काळापासून हे मोठं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. सहाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, जो पुढं संन्यासी झाला आणि ज्याला कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टेस म्हणतात, त्यानं लिहून ठेवलं की 'कलियाना' नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमून येतो. अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण असं मानतात.

पर्शियातून बिशप येणार म्हणजे ग्रंथही तिकडचाच येणार. पर्शियातलं चर्च सीरियाक भाषेत प्रार्थना करायचं, आणि त्यांच्या सीरियाक नव्या करारात पुस्तकं २२ होती. दुसरं पेत्र, दुसरं आणि तिसरं योहान, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण ही पाच नव्हती. त्यांनी ती वाचून फेटाळली होती अशातला भाग नाही. सीरियाकमध्ये भाषांतरं झाली तेव्हा ही पुस्तकं पूर्वेकडे प्रमाण म्हणून पोचलेलीच नव्हती. पश्चिमेकडची यादीही सावकाश घडत होती. आज सगळे मानतात तीच २७ पुस्तकं नेमकी मोजणारी पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रातली. पुढं पाचव्या शतकात पर्शियातलं चर्च रोमन साम्राज्यातल्या चर्चपासून वेगळं झालं. दोन साम्राज्यं एकमेकांशी लढत होती आणि चर्चची सीमाही तिथूनच गेली. पाच पुस्तकांची सीरियाक भाषांतरं झाली ती सहाव्या शतकात, पश्चिमेकडच्या सीरियन लोकांत. तोवर पूर्वेचं दार लागलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फोर्क आधीच झाला होता, नंतरचे अपडेट त्या शाखेत आलेच नाहीत.

गंमत अशी की हे आपल्याला सांगणारा एक साक्षीदार पुन्हा कॉस्मसच आहे. पृथ्वी सपाट आणि विश्व एखाद्या पेटीसारखं आहे, असा त्याचा हट्ट होता. आकाश कायम टिकणार, असंही त्याचं म्हणणं. त्याच्या विरोधात दुसरं पेत्र पुढं केलं जाऊ शकत होतं, कारण त्यात आकाश जळून विरघळण्याची भाषा आहे. कॉस्मस उत्तर देतो की ही सर्वसाधारण पत्रं फार पूर्वीपासून शंकास्पद मानली गेली आहेत, आणि सीरियन लोक तर त्यांपैकी फक्त तीन स्वीकारतात: याकोब, पहिलं पेत्र, पहिलं योहान.

हे वाचलं तेव्हा मला लाइपझिग आठवलं. हजार वर्षांच्या अंतरानं दोन माणसं तेच करतात. पुस्तक आपल्या मताच्या आड येतं तेव्हा यादीची आठवण होते. शंका खोटी नव्हती, दोघांच्याही मागं खरा इतिहास होता. पण ती नेमकी कधी सुचते, हे बघण्यासारखं आहे.

ठाण्याचा प्रसंग १३२१ चा. चार फ्रान्सिस्कन साधू समुद्रमार्गे ठाण्याला उतरले आणि इथल्या पूर्वेकडच्या पंथाच्या, ज्यांना युरोपीय लोक नेस्टोरियन म्हणत, त्या ख्रिस्ती घरात पाहुणे म्हणून राहिले. पुढं एका धार्मिक वादातून त्या चौघांना ठार मारण्यात आलं. काही काळानं आलेला ओडोरिक नावाचा साधू त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला. नेस्टोरियनांची पंधरा घरं इथं असल्याचं त्यानंच नोंदवलं आहे. साधूंचं मरण सगळे सांगतात. मला त्याआधीचे दिवस दिसतात. लॅटिन बायबलचे लोक सीरियाक बायबलच्या घरात जेवतायत. एकाच्या नव्या करारात २७ पुस्तकं, दुसऱ्याच्या परंपरेत २२. पाहुण्यांना आसरा देताना यजमानांनी पुस्तकं मोजली नाहीत.

मोजली ती पोर्तुगीजांनी. १५९९ साली केरळात उदयंपेरूरला गोव्याच्या आर्चबिशप मेनेझिसनं सभा भरवली. तिथल्या सीरियाक परंपरेच्या ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात ही पाच पुस्तकं नाहीत, योहानाच्या शुभवर्तमानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्टही नाही, असं नोंदवून ती भर घालण्याचा हुकूम निघाला. त्याच सभेच्या आदेशानं अनेक सीरियाक पोथ्या पाखंडी ठरवून जाळल्या गेल्या. यादी पूर्ण करणं आणि ग्रंथालय जाळणं, दोन्ही एकाच सभेतलं. त्या परंपरेतून आलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांचं कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झालं. त्यांच्या बायबलमध्ये आज ती पाचही पुस्तकं आहेत. पर्शियाशी नाळ ठेवणाऱ्या पूर्वेच्या चर्चमध्ये मात्र उपासनेत अजूनही त्या पाचांतलं वाचन होत नाही.

ग्रंथाविना ग्रंथाचे लोक

यादीच्या या सगळ्या भांडणात मला बेने इस्राएलींचा इतिहास फार वेगळा वाटतो. कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि आपले पूर्वज वाचले, पण पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. शतकानुशतकं त्यांच्याकडे ना २४ पुस्तकं होती ना एक. त्यांनी राखलं काय? 'शमा' ही एका देवाची घोषणा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवार. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत.

आणखी एक गोष्ट. हनुक्काचा सण त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्यात आला. हनुक्काची कथा म्हणजे मक्काबींची कथा. ती पुस्तकं ज्यू यादीत नाहीत, पण सण जगभरचे ज्यू पाळतात. कॅथलिकांच्या यादीत ती पुस्तकं आहेत, पण ते हनुक्का पाळत नाहीत. यादी आणि जगणं यांचं नातं सरळ रेषेचं नाही, हे ठाण्यातल्या ठाण्यातच कळतं.

मराठी प्रोटेस्टंटांच्या हाती ६६ चं बायबल आलं त्यामागं तर बराचसा छपाईचा हिशेब आहे. सेरामपूरला विल्यम केरीनं १८११ साली मराठी नवा करार छापला. १८२६ साली अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत आपला छापला. त्याच १८२६ साली लंडनच्या बायबल सोसायटीनं ठरवलं की मक्काबी, टोबीत वगैरे पुस्तकं असलेल्या बायबलला आपला पैसा द्यायचा नाही. स्कॉटलंडकडच्या देणगीदारांचा त्यासाठी मोठा आग्रह होता. त्याआधी प्रोटेस्टंटांच्या अनेक बायबलांत ही पुस्तकं निदान मधल्या वेगळ्या भागात तरी असायची. नंतर ती छापली जाईनाशी झाली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, तेही याच परंपरेत. सासूबाईंच्या हातातल्या पुस्तकात मक्काबी नव्हतं त्यात लूथर होता, जेरोम होता, आणि लंडनमधल्या एका समितीचा ठरावही होता.

आपल्या घरातल्या याद्या

इथं 'त्यांचं काय ते त्यांचं' म्हणून हात झटकता येत नाहीत. माझी आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची. तिच्या पुस्तिकेत ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग २८ होते. आळंदीहून आणलेल्या दुसऱ्या पुस्तिकेत २७. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक पोथ्या ताडून शुद्ध केली आणि पुढं कुणी यात आपली ओवी घालू नये अशी कडक तंबी देऊन ठेवली. ट्रेंटच्या ठरावानंतर अडतीस वर्षांनी पैठणला झालेलं हे काम. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून निराळी ज्ञानेश्वरी छापली. अभ्यासकांत चर्चा झाली, पण पारायणाला घराघरांत एकनाथांच्या परंपरेतलीच राहिली. तुकोबांच्या गाथेचंही तेच. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ मध्ये सरकारी मदतीनं जी गाथा निघाली तिच्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यातले तुकोबांचे कोणते, हा वाद चालूच आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण महाभारताचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती केली. व्यास सांगतायत आणि गणपती लिहितोय ही कथा जुन्या पोथ्यांच्या पुराव्यावर टिकली नाही, ती मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. पण आपल्या मनातला महाभारताचा लेखनिक गणपतीच आहे, आणि तो परिशिष्टात जायला तयार नाही. उगम की वापर, जेरोम की ऑगस्टीन, हे भांडण आपल्याकडंही आहे. फक्त आपल्याकडं त्यावरून पंथ फुटले नाहीत.

यादी कशासाठी असते

मूळ प्रश्नाकडे येतो. माणसांनी केलेल्या यादीतल्या पुस्तकांना माणसांच्या वरचा अधिकार कसा?

कॅथलिक उत्तर असं: यादी चर्चनं केली, पण देवाच्या मार्गदर्शनानं. म्हणून आधी चर्चवर भरवसा, मग यादीवर. प्रोटेस्टंट उत्तर असं: चर्चनं पुस्तकांना अधिकार दिला नाही, त्यांच्यात होता तो फक्त ओळखला. पहिल्या उत्तराची अडचण म्हणजे पुस्तक चर्चला जाब विचारणार कसं? यादी करणाराच न्यायाधीश. दुसऱ्याची अडचण म्हणजे अधिकार इतका स्वच्छ ओळखू येत असेल तर प्रामाणिक, विद्वान, भाविक माणसांना ६६, ७३, २२ अशी वेगवेगळी उत्तरं का मिळाली? इथिओपियाच्या चर्चमध्ये तर ८१ आहेत, त्यांत हनोखाचं पुस्तकही आहे. बाकी बहुतेकांनी ते सोडून दिलं, जरी यहूदाचं पत्र त्याच पुस्तकाचा दाखला देतं.

मला या दोन्ही उत्तरांपेक्षा याद्यांचा इतिहास जास्त शिकवतो. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्सियन नावाच्या माणसानं स्वतःची यादी केली. जुना करार पूर्ण बाद, शुभवर्तमान एकच, लूकचं, तेही कापून, आणि पौलाची दहा पत्रं. त्याच्या मताला छेद देईल असं त्यात काही उरलंच नाही. त्याच शतकात तातियाननं चार शुभवर्तमानांतले फरक मिटवून एकसलग कथा तयार केली. ती इतकी सोयीची होती की सीरियाच्या भागात पाचव्या शतकापर्यंत चालली. थिओडोरेट नावाच्या बिशपनं तिच्या दोनशेवर प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं ठेवली. विचार करा, एकसंध, गुळगुळीत मजकूर हातात असताना चर्चनं एकमेकांशी न जुळणारी चार पुस्तकं पसंत केली. मत्तय आणि लूक यांच्या येशूच्या वंशावळीसुद्धा जुळत नाहीत.

ज्यू गुरुजनांनी उपदेशकाच्या पुस्तकावर वाद घातला, कारण सगळं व्यर्थ आहे असं ते म्हणतं. गीतरत्नावर घातला, कारण ती उघड प्रेमकविता आहे. दोन्ही ठेवली. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नावही येत नाही. तेही ठेवलं. लूथरला याकोबाचं पत्र आवडत नव्हतं, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे हे म्हणणं त्याच्या शिकवणीला टोचत होतं. त्यानं ते शेवटाकडे ढकललं, पण काढून टाकलं नाही. आजही प्रत्येक लूथरन बायबलमध्ये ते आहे.

म्हणून माझं उत्तर असं: ग्रंथाची यादी म्हणजे आपल्याला चुकीचं ठरवण्याचा हक्क आपण कुणाला देतो, त्यांची यादी. 'कॅनन' या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी मोजपट्टी. माणसानं केलेली असली तरी पट्टी नंतर माणसाच्या मर्जीनं लांबत-आखूडत नाही. सुताराचा गज सुतारच बनवतो, पण एकदा बनवल्यावर त्याचं लाकूड वाकडं असेल तर गज तसं सांगतो. अधिकार येतो तो तिथून. आणि गज वेगवेगळ्या गावचे वेगळे असू शकतात, त्यानं मोजणं खोटं होत नाही. खोटं होतं ते आपलं लाकूड बसेना म्हणून गज तासला तर.

यावर एक आक्षेप आहेच. मग कुठलीही यादी चालेल का? नाही. हुकूमशहाचं चरित्रही एखाद्या देशात प्रमाणग्रंथ होऊ शकतं. पण ते सत्तेला कधी चुकीचं ठरवत नाही. यादी खरी आहे की सोयीची, याची कसोटी तिच्यातच मिळते. तिच्यात तुमच्या अंगावर येणारं एक तरी पुस्तक आहे का, आणि ते तुम्ही तिथंच ठेवलं आहे का? उदयंपेरूरच्या सभेला २७ आकडा बरोबर लागला, पण दुसऱ्यांच्या पोथ्या जाळताना ती या कसोटीत नापास झाली.

मैत्रिणीच्या घरी पुढं काय झालं ते सांगतो. मिस्सा वसईला झाली. सासूबाई आल्या. जाताना गाडीतच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी बसेन. पण ज्या प्रार्थनेला माझ्या शास्त्रात आधार नाही तिला आमेन म्हणणार नाही." आणि म्हटलं नाही. माझ्या मैत्रिणीला आधी वाईट वाटलं. नंतर तिच्या लक्षात आलं की त्यांनी नुसतं तोंडदेखलं आमेन म्हटलं असतं तर त्याला काय किंमत होती? घरी परतल्यावर सासूबाईंनी मक्काबीचं पुस्तक वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "लढायाच फार आहेत गं. पण त्या सात मुलांच्या आईची गोष्ट चांगली आहे." त्यांची यादी ६६ चीच राहिली. शेल्फवर मात्र ६७ वं पुस्तक आलं.

अँग्लिकनांनी सोळाव्या शतकात काढलेली तोड साधारण हीच होती: वाचा, शिका, सिद्धान्त मांडू नका. मला ती तडजोड वाटत नाही. आपला गज घट्ट धरायचा आणि शेजाऱ्याचा ग्रंथही उघडून बघायचा, हे एका माणसाला एकाच वेळी जमू शकतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आज पोथी नाही, फोन आहे. त्यात आपली यादी आपण रोज करतो. कुणाला फॉलो करायचं, कुणाला म्यूट करायचं, कुठला ग्रुप सोडायचा. तुकोबांच्या नावानं फिरणारा अभंग गाथेत आहे का हे न बघताच पुढं पाठवतो, कारण तो आपल्या मनातलंच सांगतो. ही यादी करायला ना परिषद लागते ना चारशे वर्षं, अंगठ्यानं होते. आणि आवडत नाही ते खरंच नाहीसं होतं. मार्सियनला इतकी सोय मिळाली नव्हती. तेव्हा बायबलमध्ये पुस्तकं किती, याचं उत्तर तुमच्या परंपरेप्रमाणे जे असेल ते असो. आपल्या यादीत आपलं न ऐकणारं कोण आहे, हे मात्र प्रत्येकानं मोजून ठेवावं.